डब्यातलं जायफळ का रुजत नाही?

लहानपणी मी स्वयंपाकघरातल्या डब्यातलं एक जायफळ गुपचूप उचलून कुंडीत पेरलं होतं. महिनाभर पाणी घातलं. शेवटी उकरून पाहिलं तर बुरशी धरलेला गोळा हाती लागला. आजी म्हणाली, "अरे, ते मेलेलं असतं." तिला हे कसं ठाऊक, ते विचारायचं राहूनच गेलं. पण या एका वाक्यात मसाल्यांच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण दडलेलं आहे.

प्रश्नमंजूषेत विचारला जाणारा एक लाडका प्रश्न आहे : कोणत्या मसाल्याच्या बदल्यात डचांनी न्यूयॉर्क देऊन टाकलं? उत्तर, जायफळ. गुण मिळतात, पण हिशेब इतका सरळ नाही. इंडोनेशियातल्या बांदा बेटांपैकी रन हे जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं बेट. त्या काळी जगाच्या बाजारातलं जायफळ या चिमुकल्या बेटांवरूनच येई. 1616 पासून काही इंग्रज रनला चिकटून होते, पण डचांनी त्यांना हुसकावलं. 1621 मध्ये यान पीटरझून कून या डच गव्हर्नरने बांदा बेटं जिंकली ती अक्षरशः रिकामी करून. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतली हजारभर माणसं कशीबशी उरली. पुढे 1664 मध्ये इंग्रजांनी न्यू ॲमस्टरडॅम घेतलं आणि त्याचं न्यूयॉर्क केलं. 1667 च्या ब्रेडा तहात ठरलं ते एवढंच, की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याचं. रन डचांकडे राहिलं, न्यूयॉर्क इंग्रजांकडे, शिवाय डचांना सुरिनामही मिळालं. म्हणजे देवाणघेवाण झाली नाही, दोघांनी हातातलं सोडलं नाही, इतकंच.

मक्तेदारी टिकवायला डचांनी एक युक्ती केली. निर्यातीचं जायफळ चुन्याच्या निवळीत बुडवायचं, म्हणजे कुणी ते दुसरीकडे पेरलं तरी उगवू नये. चुन्यामुळे किडीपासून बचाव होत असेल, पण रुजण्याच्या बाबतीत ती मेहनत बरीचशी फुकट होती. जायफळाचं बी वाळवण सोसत नाही. गहू, हरभरा वाळवून कणगीत ठेवला तरी पुढच्या हंगामात उगवतो, कारण आतला गर्भ कोरडा होऊन झोपून राहू शकतो. आंबा-फणसाची बी तशी नाही आणि जायफळाचीही नाही. ओल गेली की आतला जीव काही दिवसांतच संपतो. आणि बाजारात येणारं जायफळ तर कवचात खुळखुळेपर्यंत कित्येक आठवडे वाळवलेलं असतं. आजी बरोबर होती. चुना न लावताही ते मेलेलंच असतं.

खरी पळवाट आकाशात होती. पिकलेलं फळ उकलतं तेव्हा काळपट तपकिरी बीवर लालभडक जाळी दिसते. हीच आपली जायपत्री. तिच्या मोहाने मोठी रानकबुतरं अख्खं बी गिळतात, जाळी पचवतात आणि बी शेजारच्या बेटावर टाकून देतात, तेही ताजं आणि ओलं. कबुतरांना कोण जकात लावणार? 1770 च्या सुमारास फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र याच्या माणसांनी मोलुक्का टापूतल्या इतर बेटांवरून रोपं आणि रुजायला आलेल्या बिया मॉरिशसला नेल्या. नंतर नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत इंग्रजांनी बांदा काबीज करून रोपं पेनांगसारख्या वसाहतींत लावली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडाने तर जायफळ थेट राष्ट्रध्वजावरच घेतलं.

नाताळात गोव्यात अंड्याचा बलक आणि नारळाच्या रसाचं बेबिंक थरावर थर देत भाजतात, त्यात जायफळ असतं. युरोपात ते नाताळच्या केकमध्ये जातं. आपल्याकडे पुरणात, श्रीखंडात. जायफळाशिवाय कॉफीला कॉफी न मानणारी मंडळी अजून मराठी घरांत भेटतात, आणि माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. फक्त चिमूट चिमूटच राहू द्यावी. त्यातलं मिरिस्टिसीन हे द्रव्य जास्त प्रमाणात पोटात गेलं की मळमळ, धडधड आणि भास असा त्रास होतो, तोही काही तासांनी, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. बाळाला झोप यावी म्हणून जायफळ उगाळून चाटवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

जायफळाची रानटी भावंडं आपल्याकडेही आहेत. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे आणि गोव्याच्या सत्तरीत निरंकाराच्या राईत त्यांचं दलदलीतलं जंगल टिकून आहे. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्यांची मुळं गुडघे दुमडल्यासारखी पाण्याबाहेर येऊन श्वास घेतात. बांबर्ड्याच्या जागेला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सह्याद्रीत या कुळाची फळं खाऊन बिया पसरवण्याचं काम धनेश करतो.

कोकणात आता नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळाची बाग करतात, पण बी पेरून नव्हे. या झाडात नर-मादी वेगळे असतात आणि बियांपासून वाढवलेलं झाड नर की मादी हे सहा-सात वर्षांनी फुलं आल्यावरच कळतं. म्हणून बागायतदार मादी झाडाच्या फांदीचं कलम मागतात, आणि परागासाठी बागेत मोजके नर ठेवतात.