दृष्टीचा अपूर्णांक

काचबिंदूचे प्रकरण या आठवड्यात घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु फरिदाबादच्या एका सेवानिवृत्त हिशेबनिसांचे पत्र आले आणि तो बेत रहित करावा लागला. नेत्रतपासणीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे ६/९ असा शेरा पडला आहे, आणि आयुष्यभर आकड्यांत वावरलेल्या या गृहस्थांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे त्या अपूर्णांकाला संक्षेप देऊन, आपली एक तृतीयांश दृष्टी गेली, असा हिशेब मांडला आहे.

हिशेब चोख आहे; अपूर्णांकाची जात मात्र निराळी. यातला अंश म्हणजे तक्त्यापासून आपण बसलो ते अंतर, सहा मीटर. आणि छेद म्हणजे आपल्याला वाचता आलेली शेवटची ओळ निकोप डोळ्याला जितक्या मीटरांवरून वाचता येते ते अंतर. निकोप डोळा जे अक्षर नऊ मीटरांवरून ओळखतो, त्यासाठी आमच्या पत्रलेखकांना सहा मीटरांपर्यंत पुढे यावे लागते, इतकेच. १८६२ साली उट्रेक्टच्या स्नेलन या नेत्रवैद्याने ही व्यवस्था लावून दिली. कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. ठरलेल्या अंतरावरून अक्षर डोळ्याशी पाच कलांचा कोन करील, अशी त्याची उंची. म्हणून ६/६ च्या ओळीतले अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच, तर सर्वांत वरचे, ६/६० चे, ८७ मिलिमीटर.

आता सहा मीटर लांबीची खोली आणायची कोठून? दिल्लीत चष्म्यांचा घाऊक बाजार गालिबच्या बल्लीमारानमध्ये भरतो. तेथील एका चिंचोळ्या दुकानात मी पाहिले, की तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, उलट्या अक्षरांत छापलेला, आणि तीन मीटरांवर समोर आरसा; प्रकाश जाऊन येऊन सहा मीटर पुरे करतो. खुर्चीवरच्या वृद्धांना उर्दूखेरीज लिपी येत नव्हती, तेव्हा दुकानदाराने चारी दिशांना तोंड केलेल्या रोमन 'ई'चा तक्ता लावला आणि ते गृहस्थ तीन बोटे फिरवून दिशा दाखवू लागले. (देवनागरी तक्त्याने तरी काय साधते? शिरोरेखेखाली 'ब' आणि 'व' पुसट दिसले, की दोष डोळ्याचा की लिपीचा, हा वादच राहतो.) खालच्या ओळीशी येताच त्यांनी डोळे किलकिले केले, आणि दुकानदार ओरडला, "बड़े मियाँ, आँखें मत सिकोड़िए!"

त्याचे ओरडणे सकारण होते. पापण्यांच्या फटीतून थोडेच किरण आत जातात, त्यामुळे पडद्यावर पसरणारी प्रतिमा आटोपशीर होते व डोळा आपल्या ऐपतीपेक्षा अधिक वाचतो. हीच लबाडी नेत्रवैद्य मुद्दाम करवितात: पुठ्ठ्याला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून वाचावयास सांगतात. अक्षर स्पष्ट झाले तर दोष बहुधा चष्म्याने निघणारा. न झाले तर मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा डोळ्यामागची नस यांकडे शोध वळवावा लागतो.

या आकड्यांना सरकारदरबारीही वजन आहे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात अंधत्वाची मर्यादा ६/६० होती. २०१७ साली ती जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ३/६० झाली, आणि मधल्या टप्प्यातली माणसे, त्यांच्या नजरेत तिळमात्र फरक न पडता, दप्तरातल्या अंधांच्या यादीतून वगळली गेली.

तेव्हा हिशेबनीससाहेबांनी पुठ्ठ्याच्या छिद्रातून एकदा वाचून पाहावे आणि अक्षर स्पष्ट झाले तर घोर सोडावा. उलट ज्यांच्या कागदावर ६/६ आहे, त्यांनीच थोडे सावध असावे. कारण तक्ता फक्त समोरची नजर मोजतो, आणि काचबिंदू बहुधा कडेची नजर आधी नेतो, ६/६ बराच काळ जागच्या जागी ठेवून. चाळिशी उलटली असेल, तर पुढचा लेखांक येण्याची वाट न पाहता डोळ्यांतला दाब आणि डोळ्यामागची ती नस तपासून घ्या.