जुन्या ट्रॅक्टरची नोझल घरी बदलताना

नांगरटीच्या ऐन दिवसांत जुना ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागतो, ओढ कमी होते आणि डिझेल जास्त लागते. अशा वेळी प्रथम हवेचा व डिझेलचा फिल्टर पाहावा. ते स्वच्छ असतील तर नोझलकडे वळावे. टपकणारी नोझल तशीच चालवली तर पिस्टनचे डोके जळते आणि शे-पाचशेंच्या कामाचे इंजिन बांधणीचे काम होते.

दोषी नोझल ओळखणे सोपे आहे. इंजिन संथ चालू ठेवून एकेका हाय प्रेशर पाइपचा नट फडके धरून अर्धा आटा सैल करावा. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही इंजिनचा आवाज बदलत नाही, तेथे दोष आहे. (तो व्हॉल्व्ह किंवा रिंगचाही असू शकतो, हे विसरू नये.)

नोझल काढण्यापूर्वी इंजिन थंड करून हेड डिझेलने धुऊन कोरडे करावे. नोझलची सुई व तिचे घर यांत अवघे दोन-तीन मायक्रॉन अंतर असते. आपला केस त्याच्या वीसपट तरी जाड. म्हणून पाइपांची उघडी तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने बांधावीत. खळ्यात धूळ उडत असताना हे काम करूच नये.

नोझल खोलून पिनेने छिद्रे कोरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडावी. नोझलचा दाब व फवारा यंत्रावरच तपासावा लागतो. नंदुरबार, शहादा किंवा धुळ्याच्या डिझेल पंप दुरुस्तीवाल्याकडे सगळ्या नोझल एकदमच न्याव्यात आणि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील दाबाचा आकडा सोबत लिहून न्यावा. धडगावकडून घाट उतरून येणाऱ्याला दुसरी फेरी परवडत नाही. नोझल हवेत फवारून पाहण्याचा खेळ मात्र जिवावर बेततो. फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली, दुखत नसली, तरी त्याच तासात रुग्णालय गाठून डॉक्टरांना डिझेल आत गेल्याचे सांगावे.

मी कृषिविद्येचा माणूस. घरच्या ट्रॅक्टरवर हात साफ करताना मीही चुकलो. तांब्याचा जुना वॉशर हेडमध्येच चिकटून राहिला आणि मी वर नवा घातला. नोझल वर उचलली गेली, इंजिन फसफसू लागले. तेव्हा बॅटरी लावून आत पाहावे, जुना वॉशर व काजळी काढावी आणि प्रत्येक वेळी त्याच जाडीचा नवा वॉशर घालावा. दोन्ही नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. एकच बाजू आवळली तर नोझल तिरकी बसते.

नंतर हातपंपाने फिल्टरची हवा काढावी. नोझलकडील नट सैल ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवावा, डिझेल आले की नट आवळावेत. इंजिन सुरू होताच नोझलच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले तर वॉशर बसलेला नाही, पुन्हा खोलावे.

पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या अशा ट्रॅक्टरमध्ये व अलीकडच्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल असते. तेथील दाब हजार बारच्याही वर जातो. त्यांचा एकही नट चालू इंजिनवर सैल करू नये. ते काम कंपनीच्या कारागिरालाच द्यावे.