ट्रॅक्टरसाठी सकाळची दहा मिनिटे

द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून फिरणारा छोटा ट्रॅक्टर अनेक घरांत हप्त्यावर येतो. हप्ते फिटण्याआधीच इंजिन धूर ओकू लागले, तर घराचा सगळा हिशेब कोलमडतो. इंजिनचा मोठा शत्रू म्हणजे धूळ, आणि तिला अडवणे आपल्या हाती आहे.

सकाळी इंजिन थंड असताना ट्रॅक्टर सपाट जागी लावा, किल्ली काढून घ्या. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. रेडिएटरचे पाणी पाहा. गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने भाजते. एअर क्लीनरच्या वाटीतले ऑइल गढूळ झाले, तळाशी गाळ साचला, तर वाटी डिझेलने धुऊन पुसा आणि खुणेपर्यंत नवे ऑइल भरा. ग्रीस देण्यापूर्वी निपल पुसा, नाहीतर ग्रीससोबत मातीही आत जाते.

इंजिन ऑइल किती तासांनी बदलायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत असते. बदलले की मीटरवरचे तास वहीत लिहा. ही वही मुलामुलींकडे सोपवा. काढलेले ऑइल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. क्लच, गिअर, हायड्रॉलिकचे काम मात्र मिस्त्रीलाच करू द्या.