आधी आडवी, मग उभी

चिनी लिपी शिकायला घेतली की पहिली धास्ती बसते ती संख्येची. चीन सरकारने २०१३ साली जाहीर केलेल्या प्रमाण यादीत ८१०५ अक्षरे आहेत. त्यांतली ३५०० नेहमीच्या वापरातली. एवढ्या आकृत्या लक्षात ठेवायच्या तरी कशा? तिथली मुले त्या डोळ्यांपेक्षा हाताने पाठ करतात, आणि हाताला पाठ व्हायचे तर रेघांचा क्रम दर वेळी तोच हवा. म्हणून अक्षर गिरवण्याबरोबरच क्रमही गिरवला जातो.

नियम मोजकेच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर आधी आडवी, मग उभी; अधिकच्या चिन्हासारखे दिसणारे ‘दहा’चे अक्षर असेच लिहितात. दोन पाय फाकून उभ्या असलेल्या ‘माणूस’ या अक्षरात डावा फटकारा आधी, उजवा नंतर. चौकटीच्या अक्षरांसाठी शिक्षक सांगतात, ‘आधी माणसे आत घ्या, मग दार लावा.’

‘देश’ या अर्थाचे ‘ग्वो’ हे अक्षर ८ रेघांचे. पहिली डावीकडची उभी. दुसरी वरून उजवीकडे जाते आणि हात न उचलता खाली वळते. वळण आले तरी ती एकच रेघ धरायची. नवख्यांची मोजणी हमखास इथे चुकते. चौकटीच्या तीन बाजू झाल्या की आत ‘जेड’ या रत्नाचे अक्षर येते: आडवी, आडवी, उभी, आडवी, ठिपका. सर्वांत शेवटी तळाची आडवी रेघ ओढली की दार लागले.

या क्रमाची जडणघडण कुंचल्याने झाली. त्याचे शिक्षण ‘युंग’, म्हणजे ‘चिरकाल’, या एका अक्षरावर होते. शाळेच्या हिशेबाने त्यात ५ रेघा आहेत. सुलेखनकार मात्र त्यात हाताच्या ८ हालचाली मोजतात: ठिपका, आडवी, उभी, आकडा, वर उचललेला फटकारा, डावीकडे उतरणारे लांब आणि आखूड असे दोन, आणि उजवीकडे पसरणारा एक. परंपरा या पद्धतीचा संबंध चौथ्या शतकातल्या वांग शीझी या थोर सुलेखनकाराशी जोडते. इ. स. ३५३मधल्या त्याच्या विख्यात ‘लानतिंग’ प्रस्तावनेचे पहिलेच अक्षर ‘युंग’ आहे.

लिहिण्याचा वेग वाढला की रेघा एकमेकींत मिसळतात, आणि कुठली कुठे मिसळणार हे क्रमच ठरवतो. म्हणून घाईत लिहिलेले अक्षरही जाणकाराला वाचता येते. १९५६च्या लिपीसुधारणेत अशी काही धावती रूपेच अधिकृत झाली. ‘पुस्तक’ या अर्थाच्या अक्षराच्या १० रेघा होत्या, त्या ४ झाल्या.

वर्णमाला नसलेल्या या लिपीत याद्या लावायलाही रेघाच कामी येतात. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या संचलनात प्रथेप्रमाणे पहिल्या आलेल्या ग्रीसमागोमाग गिनीचा संघ होता, कारण त्याच्या चिनी नावाचे पहिले अक्षर २ रेघांचे. १६ रेघांनी सुरू होणारा झांबिया यजमान चीनच्या लगेच आधी आला. रेघा सारख्या असतील तर पहिली रेघ कोणत्या प्रकारची हे पाहतात. बटणांच्या मोबाइलवरही १ ते ५ आकड्यांना रेघांचे पाच प्रकार नेमून दिलेले असत. क्रमाने बटणे दाबली की अक्षर पुढ्यात.

क्रम सर्वत्र एकच नाही. ‘राजा’ या अक्षरात तीन आडव्या आणि एक उभी रेघ असते. चीनमध्ये दोन आडव्या झाल्यावर उभी ओढतात, जपानमध्ये एकीनंतरच. जपानच्या शिक्षण खात्याने आपली मार्गदर्शिका १९५८ साली काढली. चीनचा सध्याचा प्रमाण क्रम १ मार्च २०२१पासून लागू आहे. शिकणाऱ्याने एक परंपरा निवडावी आणि तीच धरून ठेवावी.

आज चीनमध्ये बहुतेक लोक रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून यादीतून अक्षर निवडतात. परिणामी पेन हातात घेतल्यावर अक्षर आठवेना, ही तक्रार तिथे सर्रास ऐकू येते. डोळ्यांची ओळख शाबूत असते, हाताची सवय मोडलेली असते. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून चौकटीच्या वहीत, रेघा मोठ्याने मोजत लिहावे. सुरुवातीला वेळ लागतो, पण तो वाया जात नाही. पहिली शंभर अक्षरे नीट गिरवली की पुढच्या अक्षराचे बहुतेक भाग हाताच्या ओळखीचे निघतात, आणि ८१०५ या आकड्याचा धाक उरत नाही.