गिरगांव : घरें आणि ताटें

शहरांतील जुन्या वस्तीची ओळख करून घेण्याचे मार्ग दोन. एक तेथील घरें पाहण्याचा, दुसरा तेथील अन्न चाखण्याचा. पुष्कळ लोक हे दोन मार्ग निराळे समजतात. घरें पाहणारा मान वर करून सज्जे व कोरीव कठडे न्याहाळीत जातो, आणि खवय्या वासाच्या सुमारानें मिसळीचें दुकान गांठतो. परंतु मुंबईच्या गिरगांवांत हिंडूं लागल्यास असें आढळून येतें कीं, येथें हे दोन मार्ग वस्तुतः एकच आहेत. गिरगांवकर काय खात आले, कोठें बसून खात आले आणि कोणाच्या हातचें खात आले, हें बऱ्याच अंशीं त्यांच्या घरांच्या बांधणीनें ठरविलें. हा संबंध उलगडून दाखविणें एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

मलबार टेकडीच्या पायथ्याशीं वसलेलें, म्हणजे गिरीजवळचें गांव तें गिरगांव, अशी या नांवाची उपपत्ति सामान्यतः सांगतात. इंग्रजांच्या कोटाबाहेर नारळीच्या बागांतून हें गांव पसरलें होतें. बागा गेल्या, नांवें मात्र राहिलीं. फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, बोरभाट हीं नांवें नुसतीं वाचलीं तरी एखाद्या कोंकणी आगराची आठवण व्हावी. वाडी म्हणजे कुंपणाची बाग, आणि भाट या शब्दाचा अर्थही कोंकण-गोव्याकडे माडांची बाग असाच आहे. गल्ल्यांचीं नांवें बागांवरून पडलीं, यांत या वस्तीचा पहिला इतिहास आला.

या बागांत आरंभीं जीं घरें उभीं राहिलीं, त्यांचा नमुना खोताच्या वाडींत अजून पाहावयास मिळतो. ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांकडे होती, म्हणून वाडीस हें नांव पडलें. तिचे लहान लहान तुकडे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांकडे गेले. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी व वसई या भागांतील मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हां त्यांनीं हें नांव धारण केलें. त्यांचीं घरें लांकडी, बहुधा दुमजली व उतरत्या कौलांचीं. पुढें व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना आणि कोरीव कठड्याचा सज्जा. पोर्तुगीज धर्तीचा व्हरांडा व कोंकणांतील ओटी यांची येथें जणूं सोयरीक झाली आहे.

अशा घरांत एक कुटुंब, एक चूल आणि दारापुढें ऊन येईल एवढी मोकळी जागा. या मोकळ्या जागेचा स्वयंपाकाशीं निकट संबंध आहे. ईस्ट इंडियन लोकांचा ‘बाटली मसाला’ पावसाळ्यापूर्वीं, उन्हाळ्याच्या दिवसांत, वर्षभराचा एकदम करतात. मिरच्या, धने, हळद आणि इतर वीस-पंचवीस जिन्नस उन्हांत वाळवावयाचे, निरनिराळे भाजावयाचे, उखळांत कुटावयाचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठांसून भरावयाचे. प्रकाशानें मसाल्याचा रंग व वास उडूं नये म्हणून बाटली गडद. ज्याला अंगण नाहीं त्याला हा मसाला घरीं करणें कठीण. म्हणजे त्या रस्स्याच्या चवींत अंगणाचाही वांटा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चित्र पालटलें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी सुटली; १८५४ सालीं पहिली कापडगिरणी स्थापन झाली; १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाच्या व्यापारानें शहरांत अमाप पैसा आला, आणि त्याच सुमारास कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या. कचेऱ्या, छापखाने व शाळा वाढल्या, आणि कोंकणांतून व देशावरून कारकून, शिक्षक, खिळेजुळारी यांची रीघ लागली. त्यांच्यासाठीं बागांच्या जागीं चाळी उठल्या. तीन-चार मजले, प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी, तिला लागून ओळीनें एक किंवा दोन खोल्यांचीं बिऱ्हाडें, आणि शौचकूप मजल्याच्या टोंकास सर्वांचे मिळून. ज्या केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, ती याच गिरगांवांतली. मधल्या चौकाभोंवतीं गॅलऱ्यांतून माणसें उभीं राहिलीं कीं सभामंडप निराळा उभारावयास नको. चाळीची रचनाच उत्सवास अनुकूल होती.

तीच रचना पोटाच्या प्रश्नास मात्र प्रतिकूल होती. कुटुंबवत्सल माणसाचें ठीक होतें. पण शहरांत आलेल्यांपैकीं कितीतरी जणांचें कुटुंब गांवीं असे, आणि एका खोलींत असे चार-सहा जण मिळून राहत. तेथें पथारी पसरावयास जागा मिळे, चूल मांडावयास मिळत नसे. या अडचणींतून खानावळ जन्मास आली. महिन्याचे पैसे भरावे, दोन वेळ ठरल्या पंक्तीस पाटावर जाऊन बसावें, गांवीं गेल्यास खाडे धरावे, अशी तिची रीत. पंक्तीही जातवार असत. ब्राह्मणी खानावळ निराळी, सारस्वतांची माशांची निराळी. खोताच्या वाडींतील अनंताश्रम माशांच्या जेवणासाठीं प्रसिद्ध होता; आतां तो बंद झाला आहे. खानावळीच्या ताटांत चमचमीतपणा नसे, कारण तें ताट रोज जेवावयाचें होतें. वरण-भात, एक भाजी, आमटी, पोळी हें त्याचें स्वरूप घरच्या आठवणीवर बेतलेलें होतें. मागाहून उपाहारगृहें आलीं, तींही याच माणसाची गरज ओळखून. कचेरीहून परततांना मिसळ, उपासाच्या दिवशीं साबुदाण्याचा वडा, वर पेलाभर पियूष. विनय हेल्थ होमची मिसळ व पणशीकरांचें पियूष यांचा लौकिक गिरगांवाबाहेरही पोंचला.

खानावळींत पंगत होती, परंतु गप्पांस जागा नव्हती. जेवण झालें कीं पाट सोडावा लागे. ही उणीव इराण्यानें भरून काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं इराणांतील यज्द, किरमान या भागांतून आलेल्या लोकांनीं मुंबईंत चहाचीं दुकानें काढलीं. गिरगांवच्या दक्षिणेस धोबी तलावाजवळ १९०४ सालीं कयानी व १९१३ सालीं ससानियन हीं दुकानें निघालीं. कोपऱ्याची जागा हिंदु दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस सहज मिळाली, असें परंपरेनें सांगतात. कारण कांहींही असो, कोपऱ्यामुळें दुकान दोन रस्त्यांवर उघडें राहिलें आणि त्यांत वारा व उजेड खेळला. वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, संगमरवरी मेजें, भिंतींवर मोठाले आरसे असा तेथील थाट. संगमरवरास विटाळ ठाऊक नव्हता. ओला फडका फिरला कीं मेज पुढच्या गिऱ्हाइकास मोकळें. ज्या शहरांत पंक्ती जातवार होत्या, तेथें ब्रून-पाव, बन-मस्का आणि चहा यांपुढें वाटेल त्यानें वाटेल त्याच्या शेजारीं बसावें, ही गोष्ट सामान्य नव्हे. चाळींतल्या खोलींत बैठकीची जागा नव्हती. ती जागा एका पेल्याच्या किमतींत इराण्यानें दिली. संध्याकाळीं चौपाटीनें तेंच काम केलें, म्हणून भेळ ही वाळूंत उभ्यानें किंवा बसून खावयाची वस्तु झाली.

आतां या सर्व व्यवस्थेचा पायाच हलला आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूस आधार मिळाला, पण त्या भाड्यांत दुरुस्ती करणें मालकास परवडेना. १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं उपकराचा कायदा झाला; तरी चाळी खचतच राहिल्या. १९९१ च्या विकास नियमावलीनें जादा बांधकामाची सवलत देऊन त्यांच्या पुनर्बांधणीस चालना दिली, आणि चाळींच्या जागीं मनोरे उठूं लागले. २०२५ सालीं पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोच्या गिरगांव व काळबादेवी स्थानकांसाठींही कांहीं जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. खोताच्या वाडींतील जुन्या घरांची संख्याही पूर्वींच्या मानानें फार रोडावली आहे.

याबद्दल हळहळ वाटणें साहजिक आहे; पण ती हळहळ न्यायाची असावी. ज्या वृद्धेस चार जिने चढून रात्रीं-अपरात्रीं मजल्याच्या टोंकाशीं जावें लागतें, तिनें केवळ पाहुण्यांच्या डोळ्यांच्या सुखासाठीं तेथेंच राहावें, असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. प्रश्न वेगळाच आहे. नवें घर बांधतांना जुन्यांतलें काय बरोबर न्यावयाचें, याचा विचार होतो काय? स्वतंत्र न्हाणीघर मिळालें, उद्वाहक मिळाला. त्यांच्या जोडीला पापड वाळविण्याजोगी गच्ची, शेजाऱ्यानें वाटी घेऊन यावें अशी गॅलरी, आणि तळमजल्यावर परवडेल अशा भाड्याचा एखादा गाळा ठेवतां येणार नाहीं असें नाहीं. मिसळीची कृति कागदावर लिहून ठेवतां येते. पण ती रोज खाणारीं माणसें जवळपास राहत नसतील, तर ती कृति कागदावरच राहील.

म्हणून गिरगांव पाहूं जाणाऱ्यानें सकाळीं खोताच्या वाडींत जावें, तेथें माणसें राहतात हें ध्यानांत ठेवून हलक्या पावलानें जावें, आणि कोणाच्या खिडकींत डोकावूं नये. दुपारीं एखाद्या जुन्या खानावळींत वा उपाहारगृहांत जेवावें, तिसऱ्या प्रहरीं इराण्याकडे बसावें आणि सूर्यास्तास चौपाटी गांठावी. वाटेंत प्रत्येक ठिकाणीं एवढेंच विचारावें कीं, हा पदार्थ कोणत्या घराच्या सोयीनें किंवा गैरसोयीनें येथें आला? उत्तर बहुधा समोरच्याच इमारतींत सांपडेल. आणि ती इमारत उभी आहे तोंवरच तें विचारून घेणें शहाणपणाचें.