कॅमेरा-लॅपटॉपची बॅग घेताना

गटाच्या पैशांतून घेतलेला कॅमेरा आणि लॅपटॉप साध्या पिशवीत नेला, तर एसटीच्या एका धक्क्यात दोन्हींचे नुकसान होऊ शकते. म्हणून खांद्याची बॅग घेताना आम्ही काय पाहतो, ते सांगतो.

आधी माप. लॅपटॉपचे १५.६ इंच हे पडद्याचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप असते. म्हणून लांबी-रुंदी टेपने मोजा.

मग कप्पे. लॅपटॉपचा कप्पा अंगाकडच्या बाजूला आणि तळाला गादी असलेला हवा. कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये जाड फोमचा पडदा हवा, नाहीतर एकमेकांवर आपटतात.

पट्टा रुंद आणि मऊ असावा, लांबी कमी-जास्त करता यावी. तो गळ्यातून तिरका घाला. दोन किलोचा लॅपटॉप, किलोभर कॅमेरा, वर चार्जर आणि बॅगेचे वजन. सगळे मिळून चार किलोंवर जाते. अधूनमधून खांदा बदला. रोज लांब चालायचे असेल, तर पाठीवरची सॅकच बरी.

पावसाळ्यात वरून प्लास्टिकचे आवरण घाला. ओल्या बॅगेत कॅमेरा बंद करून ठेवू नका, दमटपणाने लेन्सला बुरशी लागते.

आणि पैसे देण्याआधी, दुकानातच सगळे सामान भरून पाच मिनिटे चालून पाहा.