डोक्यातला कोंडा आणि बुरशीची मेस

कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी काळा ब्लेझर चढवला आणि रूममेट म्हणाला, "काय रे, निफाडला बर्फ पडला काय?" नाशिकची थंडी कोरडी, त्यात कोंडा वाढतोच. पण त्या दिवशी पॅनलसमोर माझं लक्ष प्रश्नांपेक्षा खांद्यांकडेच!

मग उपाय सुरू. रात्री खोबरेल चोपडायचं, सकाळी लिंबू चोळायचं. आग झाली, कोंडा तसाच. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ट्यूब पेटली. मित्रांनो, आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलेसेझिया नावाची बुरशी राहते. (१८७४ साली तिचं वर्णन करणाऱ्या मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं.) ती त्वचेवरच्या तेलावर जगते आणि ओलेइक आम्ल मागे ठेवते. काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. मग पेशी घाईघाईने तयार होतात आणि पुंजक्यांनी गळतात. म्हणजे रात्रभर तेल चोपडून मी बुरशीची मेसच चालवत होतो की! आईला हे फोनवर पटवणं मात्र अवघड गेलं.

केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, महिनाभर. फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा. बाहेर बादल्या घेऊन रांग ओरडत असते, कबूल. पण लगेच धुतलं तर औषध गटारात. नंतरही पंधरवड्यातून एकदा लावतो, कारण कोंडा आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही.

भुवया, नाकाच्या कडा लाल होऊन खपल्या धरल्या तर सरळ डॉक्टर गाठा. आणि कंगव्याने कोंडा लागत नाही. उवा लागतात, म्हणून माझा कंगवा मागू नका!